यवनदेशाहून जुन्नर प्रांतीं आलेले तीन कागद

जुन्नर शहराच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे, लेण्याद्रीचा डोंगर आहे. गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू तीनशेंच्या सुमारास पायऱ्या चढून ज्या मोठ्या विहारांत पोंचतात तें तेथील सातवें लेणें होय. त्याला लागून असलेलें सहावें लेणें चैत्यगृह असून, कल्याणच्या सुलसदत्त नामक हेरणिकपुत्रानें तें दान दिल्याचा ब्राह्मी लेख त्यावर आहे. दर्शनाच्या गर्दींत त्या लेखाकडे मान वर करून पाहणारे थोडे. अशा दानलेखांनीं जुन्नरभोंवतालचे डोंगर भरलेले आहेत, आणि त्यांपैकीं तीन लेखांतील दाते आपणांस 'यवन' म्हणवितात. इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढी, म्हणजे पाण्याचीं टांकीं, दिलीं. चिट नांवाच्या यवनानें संघास भोजनमंडप दिला. चंद नांवाच्या यवनानें लेण्याचें दर्शनी द्वार करविलें. बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले; तेव्हांपासून हे तिघे यवन विद्वानांच्या चर्चेंत आहेत.

येथें यवन शब्द बखरींतल्या अर्थानें घ्यावयाचा नाहीं. इओनिया प्रांतावरून ग्रीक लोकांस पडलेलें जें जुनें नांव, तें हें. पाणिनीच्या सूत्रांत तो शब्द आलेला आहे, व यवनांची लिपी ती 'यवनानी' असें वार्तिककार कात्यायनानें सांगून ठेविलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही हा शब्द याच अर्थानें योजीत आहों.

परंतु लेखाचा विषय ते शिलालेख नव्हेत. यवन जुन्नरास आले त्यास सुमारें अठराशें वर्षें लोटल्यावर जुन्नर प्रांतींचा एक शिपाई उलट वाटेनें यवनदेशीं गेला, आणि तिकडून आलेले तीन कागद आमच्या संग्रहीं राहिले. त्या कागदांवरून काय सिद्ध होतें, काय होत नाहीं, आणि जें होत नाहीं तें कोणाच्या दोषानें होत नाहीं, हें संग्राहकांपुढें मांडावें एवढाच येथें उद्देश आहे.

(१) कागदांचें वर्णन

पहिला कागद छायाचित्र होय. तळहाताएवढ्या जाड कागदावर एका तरुण शिपायाची उभी आकृति आहे. मागें चितारलेला पडदा, उजवा हात एका उंच स्टुलावर. गणवेषाच्या दंडावर एक चौकोनी चिन्ह शिवलेलें असून त्यांत पंख पसरलेल्या पक्ष्याचा आकार ओळखूं येतो. पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का आहे. त्यांतील व्यक्तिनाम पुसट झालें आहे, पण खालचें गांवाचें नांव यवनानी लिपींत स्पष्ट आहे. तें वाचण्यापुरतीं अक्षरें आम्हीं उतारवयांत शिकलों. नांव 'थेस्सलोनिकी', म्हणजे ज्यास इंग्रज सालोनिका म्हणत तें बंदर.

दुसरा कागद ग्रीसची एक नोट. तिच्यावर एकावर अकरा शून्यें असा आंकडा आहे, व तारीख ३ नोव्हेंबर १९४४ (शके १८६६) ही आहे.

तिसरा कागद म्हणजे पाकिटाचा कापलेला चौकोन. त्यावर सहाव्या जॉर्जचें चित्र असलेलें हिंदुस्थानचें तिकीट आहे. तिकिटावर टपालाचा गोल शिक्का पडलेला आहे, परंतु तो अर्धाच. 'एफ. पी. ओ.' हीं अक्षरें व वर्षाचा ४५ हा आंकडा शिल्लक आहे. टपालघराचा क्रमांक आणि दिवस व महिना कात्रीखालीं गेले.

(२) हे कागद आमच्याकडे कसे आले

सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं आम्ही जुन्नरास शाळेंत शिकत होतों व तिकिटें जमविण्याचा आम्हांस नाद होता. कुकडीकांठच्या एका गांवीं ओळखीचें एक शेतकरी घर होतें. त्या घरच्या वृद्ध आजींचे दोघे मुलगे दुसऱ्या महायुद्धांत परदेशीं जाऊन सुखरूप परत आले होते. आम्ही तिकिटें मागतों हें पाहून आजींनीं फडताळांतून एक पाकीट काढून दिलें. तिकीट काढून घ्यावें व बाकीचें परत आणून द्यावें, असें त्यांनीं आम्हांस बजाविलें होतें. पाकिटांत पत्र नव्हतें; छायाचित्र व नोट होती. मागील बाजूस पाठविणाऱ्या मुलाचें नांव व नंबर लिहिलेला होता. तो लिहिलेला होता एवढें आम्हांस पक्कें आठवतें. काय लिहिलें होतें तें आठवत नाहीं.

आम्हीं घरीं येऊन तिकिटाभोंवतालचा चौकोन कापला आणि पाकीट टाकून दिलें. छायाचित्र व नोट परत देण्यासाठीं शब्दरूपावलींत जपून ठेविली. आजींनीं पुढें दोन वेळां आठवण केली. आम्ही दोन्ही वेळां 'आणतों' म्हटलें. नंतर आमचें शिक्षण पुण्यास, नोकरी परगांवीं, आणि त्या अवधींत आजी निवर्तल्या. शाळेंतून निवृत्त झाल्यावर पुस्तकें उन्हांत घालीत असतां रूपावलींतून तिन्ही कागद खालीं पडले.

(३) कागदांची साक्ष

कागद घेऊन आम्ही त्या गांवीं गेलों. आतां तेथें दोन घरें आहेत, थोरल्या भावाच्या मुलांचें एक व धाकट्याच्या मुलांचें दुसरें. चित्र पाहतांच दोन्ही घरच्यांनीं आपापल्या वडिलांस ओळखलें. दोघां भावांत दोन वर्षांचें अंतर, चेहरेपट्टी एक, आणि त्या वयाचें दुसरें चित्र कोणाहि घरीं नाहीं. गांवांतील एका वृद्धांनीं तर निराळाच पक्ष मांडला. त्यांच्या मतें सालोनिकाची लढाई पहिल्या महायुद्धांतली, तेव्हां चित्र या दोघांपैकीं कोणाचेंच नसून त्यांच्या एका चुलत्याचें असावें.

या शेवटल्या पक्षाचा विचार आधीं करूं, कारण तो अगदींच निराधार नाहीं. १९१५ च्या आक्टोबरांत इंग्रज व फ्रेंच फौजा सालोनिकास उतरल्या व १९१८ च्या सप्टेंबरांत बल्गेरियाशीं तहकुबी होईपर्यंत तेथें राहिल्या. मॅसिडोनियाच्या डोंगरी वाटांवर दारूगोळा व धान्य वाहून नेण्यास खेंचरें लागत, व तीं हांकणाऱ्यांत हिंदी लोक पुष्कळ होते. त्यांच्यांतील मृतांसाठीं थेस्सलोनिकीस मोनास्तिर रस्त्यावर स्वतंत्र हिंदी स्मशानभूमि आजहि राखलेली आहे. तेव्हां एखादा जुन्नरकर पहिल्या युद्धांत तेथें गेला असणें अशक्य नाहीं. परंतु प्रस्तुत चित्राविषयीं हा पक्ष टिकत नाहीं. दंडावरील पक्षी हें चौथ्या हिंदी डिव्हिजनचें 'तांबडा गरुड' हें चिन्ह होय, आणि तें दुसऱ्या महायुद्धांतील आहे. काळ्यापांढऱ्या चित्रांत रंग कळत नाहीं, आकार कळतो.

ही डिव्हिजन आफ्रिका व इटली येथील मोहिमा करून १९४४ च्या अखेरीस ग्रीसमध्यें गेली. जर्मन फौजांनीं १२ आक्टोबर १९४४ रोजीं अथेन्स सोडलें व महिनाअखेर थेस्सलोनिकी सोडली. त्यानंतर नोव्हेंबरांत डिव्हिजनची सातवी ब्रिगेड थेस्सलोनिकीस उतरली. ३ डिसेंबरास अथेन्समध्यें ग्रीक पक्षांची आपसांत व इंग्रज फौजेशीं लढाई जुंपली. ती पुढें १२ फेब्रुवारी १९४५ च्या वार्किझा येथील करारानें तात्पुरती मिटली. जर्मनांशीं लढण्यास आलेल्या हिंदी शिपायास तेथें परक्या घरच्या भाऊबंदकीचा पहारा करावा लागला. या डिव्हिजनमध्यें खडकीच्या बाँबे सॅपर्सची २१ वी फील्ड कंपनी होती, व त्या पलटणींत मराठे शिपाई असत. पुणें जिल्ह्यांतील मनुष्य ग्रीसपर्यंत कोणत्या वाटेनें पोंचूं शकला, याची एक वाट यावरून कळते. तीच वाट एकमेव होती असें मात्र नव्हे. मोटारवाहतूक, इस्पितळें, भटारखाने यांचींहि माणसें डिव्हिजनबरोबर असत.

आतां नोटेकडे वळूं. एकावर अकरा शून्यें म्हणजे भास्कराचार्यांच्या लीलावतींतील परिभाषेप्रमाणें एक निखर्व. हा आंकडा आम्हीं विद्यार्थ्यांकडून जन्मभर पाठ करवून घेतला, पण व्यवहारांत तो केवळ या एका कागदावर पाहिला. जर्मन, इटालियन व बल्गेरियन अंमलाच्या काळांत ग्रीसचें चलन इतकें घसरलें होतें कीं, शेवटीं निखर्वाची नोट काढावी लागली. त्याच नोव्हेंबर महिन्यांत नवें चलन निघालें, व पन्नास अब्ज जुन्या द्रख्मांस एक नवी द्रख्मा असा भाव ठरला. म्हणजे आमच्या निखर्वाच्या नवीन द्रख्मा दोन झाल्या. अशी नोट शिपायाच्या खिशांत आठवणीदाखल राहावी हें स्वाभाविक होय. तिनें बाजारांत विशेष कांहीं मिळण्याजोगें नव्हतें. लीलावतींत सोळा पणांचा एक द्रम्म सांगितला आहे, व शिलाहारांच्या लेखांतहि द्रम्म येतात. तो द्रम्म म्हणजे हीच द्रख्मा, आणि आपल्या बोलण्यांतला 'दाम' तो त्या द्रम्माचाच वंशज. नाण्याचें नांव यवनांकडून आपल्याकडे आलें, आणि त्या नांवाची शेवटची दैना आपल्या शिपायानें घरीं आणली.

ऐतिहासिक दृष्ट्या नोटेची साक्ष मर्यादित आहे. ३ नोव्हेंबर १९४४ पूर्वीं हें पाकीट निघालें नाहीं, एवढें ती सांगते. उत्तर मर्यादा तिसऱ्या कागदावरील ४५ या आंकड्यानें मिळते. यावरून पाकीट १९४५ सालीं रवाना झालें, आणि चित्र १९४४ च्या नोव्हेंबरानंतर व १९४५ संपण्यापूर्वीं थेस्सलोनिकी येथें काढलें गेलें, असें आम्ही निश्चयानें म्हणतों.

(४) जें कळत नाहीं

स्थळ सांगतां येतें, काळ सांगतां येतो. मनुष्य सांगतां येत नाहीं.

युद्धांतल्या शिपायास आपण कोठें आहों हें पत्रांत लिहिण्याची बंदी असे. पत्रें तपासणीखालून जात, आणि टपालघराच्या शिक्क्यावर गांवाचें नांव न घालतां केवळ क्रमांक घालीत. तो क्रमांक हीच गांव लपविण्याची युक्ति होती, आणि आज गांव शोधण्याची किल्लीहि तीच आहे. कारण कोणतें टपालघर केव्हां कोठें होतें याच्या याद्या अभ्यासकांनीं पुढें तयार केल्या. तो क्रमांक आम्हीं कापला. पलटणीच्या दप्तरांत शोध घ्यावयाचा तर शिपायाचा नंबर प्रथम पाहिजे. तो मागील बाजूस होता, व ती बाजू आम्हीं टाकली.

पदकांवरून निर्णय होईल अशी आशा होती. एका घरीं 'इटली स्टार' हा तारा सांपडला. परंतु तो तारा इटलीप्रमाणेंच ग्रीस, युगोस्लाव्हिया व ईजियन समुद्र येथील ठराविक काळांतल्या कामगिरीसहि मिळत असे. त्यामुळें तो ज्याचा असेल तो ग्रीसमध्यें होताच असें ठरत नाहीं. शिवाय दोघां भावांची पदकें एकाच डब्यांत असत, व तारा कोणाचा हें घरांत कोणासहि ठाऊक नाहीं. त्याच्या पाठीवर कांहीं कोरलेलें असल्यास तें दसऱ्याच्या दसऱ्याला चिंचेनें घासून नाहींसें झालें आहे.

येथें एक विपरीत गोष्ट ध्यानांत येते. जो शिपाई परदेशीं मेला त्याचें नांव युद्धस्मशानांच्या नोंदवहींत असतें; पुष्कळ ठिकाणीं बापाचें नांव, गांव व जिल्हाहि दिलेला असतो. जो जिवंत परत आला व शेतावर राबून वार्धक्यानें गेला, त्याची यवनदेशींची खूण मात्र अशा एखाद्या पाकिटावरच असते. आजींचे दोघेहि मुलगे परत आले. म्हणूनच त्यांच्यांतील यवनदेशीं गेलेला कोणता, हें सांगणारा शिलालेख कोठेंहि नाहीं.

(५) संग्राहकांस विनंती

आतां लेण्यांतील तिघां यवनांशीं या शिपायाची तुलना करून पाहावी. इरिल, चिट व चंद यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, दानें ठाऊक आहेत. पण ते कोणत्या देशींचे, हें निश्चित नाहीं. इरिल व चिट यांच्या नांवांपुढें 'गतान' असें पद आहे. स्टेन कोनो यांनीं १९१२ सालीं ते गॉथ लोक असावे असें सुचविलें, आणि त्यावर वाद झाला. मूळचे ग्रीक कीं ग्रीक म्हणविणारे दुसरे कोणी, हाहि प्रश्न आहेच. त्यांचें नांव राहिलें आणि ठिकाण गेलें. आमच्या शिपायाचें ठिकाण राहिलें आणि नांव गेलें. पैकीं पहिली हानि काळानें केली. दुसरी चौदा वर्षांच्या एका मुलाच्या कात्रीनें.

ज्यांनीं मोडी दप्तरें हाताळलीं आहेत त्यांस हें नवीन नाहीं. जुन्या पत्रांत बहुधा चंद्र व महिना असतो, साल नसतें. तें पत्र कोणत्या रुमालांत, कोणत्या पत्रांच्या शेजारीं होतें, यावरून संपादक साल बसवितो. रुमाल सोडून पत्रें विषयवार लाविलीं कीं सालाचा आधार नाहींसा होतो. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढल्यापासून कागद वाचविण्याची आस्था महाराष्ट्रांत उत्पन्न झाली. परंतु ती आस्था मोडी कागदांपुरती राहिली. दोन महायुद्धांतील पाकिटें, छायाचित्रें, नोटा, रजेचे दाखले, बिल्ले यांस कोणी साधन मानलें नाहीं. अशा कागदांस संग्राहक 'एफेमेरा' म्हणतात. तो शब्दहि यवनांचाच असून 'एका दिवसापुरतें' असा त्याचा अर्थ आहे. एका दिवसासाठीं केलेला कागद दुसऱ्या दिवशीं कोणी जपीत नाहीं. म्हणून जो वांचतो त्याचा भाव चढतो, आणि भाव चढला कीं त्याचे तुकडे होतात. तिकीट एकाकडे, नोट दुसऱ्याकडे, चित्र तिसऱ्याकडे. प्रत्येकाचा संग्रह वाढतो आणि मूळची हकीकत मरते.

बाल्कन देशांत याच्या उलट एक उदाहरण आहे. मोनास्तिर, म्हणजे हल्लींचें बितोला, येथें मनाकी बंधूंनीं १९०५ सालीं छायाचित्रांचें दुकान घातलें. त्या प्रदेशावरून पुढें बाल्कन युद्धें व महायुद्ध गेलें, राज्यें बदललीं. तरी त्यांच्या चित्रांचा मोठा सांठा बितोला येथील सरकारी दप्तरखान्यांत एकत्र राहिला आहे. एकत्र राहिल्यानेंच एका चित्रावरून दुसऱ्याचा उलगडा होतो.

आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत तर घाई करण्यास कारण आहे. मूळचें आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें, व तेथील लोक ठिकठिकाणीं पांगले. जीं गांवें जागेवर आहेत तेथेंहि मातीचीं घरें पाडून नवीं बांधतांना फडताळांतले कागद प्रथम बाहेर पडतात. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, पाकीट केव्हांहि कापूं नये व आंतील वस्तु त्यापासून वेगळी करूं नये. कागद घेतांच त्याच दिवशीं तो कोणाच्या घरचा, कोणीं दिला, व देणाऱ्यानें तोंडीं काय सांगितलें, तें वेगळ्या कागदावर लिहावें. दोन माणसें दोन गोष्टी सांगतील तर दोन्ही लिहाव्या. चित्राच्या पाठीवर शाई लावूं नये, शिसपेनीनें हलकें लिहावें. शेवटचें व मुख्य म्हणजे, मालकानें परत मागितलेला कागद परत द्यावा. नक्कल आपल्यास पुरते.

आम्हीं तिन्ही कागद त्या घरीं परत केले आहेत. दोन्ही घरांनीं चित्रावर हक्क सांगितला, तेव्हां अस्सल चित्र, नोट व तो चौकोन एकाच पाकिटांत घालून गांवच्या पोलीसपाटलांच्या साक्षीनें थोरल्या घरीं ठेविला. चित्राच्या दोन सारख्या प्रती करून दोन्ही घरीं दिल्या. दोन्ही घरीं त्या भिंतीवर लागल्या आहेत, दोन्हींस हार आहे, आणि प्रत्येक घरचीं मुलें आपला आजोबा म्हणून तें चित्र पाहुण्यांस दाखवितात. त्यांपैकीं एका घरचें म्हणणें खरें नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे व कोणी बोलत नाहीं.

प्रतींच्या पाठीवर आम्हीं शिसपेनीनें लिहिलें आहे: यवनदेशीं थेस्सलोनिकी येथें, सन १९४४-४५, दोघां बंधूंपैकीं एक. पन्नास वर्षांपूर्वीं आजींनीं बजाविल्याप्रमाणें पाकीट परत नेऊन दिलें असतें, तर शेवटल्या तीन शब्दांच्या जागीं आज एक नांव असतें.